मेंढरांच्या कुत्र्याची शिस्त

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे अठ्ठावन्नची. आता पासष्टीला टेकल्यावर त्या बाईकडे वळून बघते तेव्हा वाटतं, काय तोरा होता हिचा! माहेर मेंढपाळाचं, सासर मेंढपाळाचं. चार पायांच्या कुठल्याही जिवाचं आपल्याला सगळं कळतं, अशी तिची खात्रीच.

त्या दिवाळीला पुण्याहून मुलगा-सून आले आणि नातीनं पिशवीतून एक पिल्लू काढलं. पामेरियन. दोन महिन्यांचं, पिंजलेल्या कापसाच्या गोळ्याएवढं. नात दहावीला होती, म्हणून परीक्षा होईपर्यंत ते आमच्याकडे, वडवणीजवळच्या गावात राहणार असं ठरलं. जाताना तिनं त्याच्या खाण्याची पिशवी दिली आणि कागदावर वेळा लिहून दिल्या. दिवसातून चार.

"आजी, कागदाप्रमाणेच घाल हं. उपाशी राहिलं तर मरेल ते."

"जा गं! तुझ्या बापाला काय कागद बघून वाढवलं?"

त्यांची गाडी वळणाआड गेली आणि मी कागद भाकरीच्या टोपल्याखाली सारला.

मेंढरांच्या कुत्र्याला आम्ही एकदाच घालतो. दिवस कलला, मेंढरं कोंडली, की ताक-भाकरी. दिवसा पोट भरलं तर कुत्रं बाभळीखाली पसरतं आणि लांडगा कोकरू नेतो. तीच शिस्त मी ह्या कापसाला लावली. पिशवीतले दाणे मला कोंबड्यांच्या खाद्यासारखे दिसले, म्हणून ते कोंबड्यांना घातले. कोंबड्या एवढ्या खूश की माझ्यामागे चुलीपर्यंत यायच्या.

"कावून उपाशी ठिवतीस त्याला?" आमचे मालक म्हणाले. "ते काय राखणार हाय, तुझी उशी?"

"तुमी गप बसा. शिस्त लागू द्या."

चौथ्या दिवशी दुपारी पिल्लू दाराशी पडलेलं दिसलं. मान लुळी, डोळे अर्धवट, अंग थरथरतंय. मालक हातातली भाकरी ताटात टाकून किल्ली शोधायला धावले. पिल्लू पदरात गुंडाळून मी मोटारसायकलवर त्यांच्या मागं बसले. वडवणीपर्यंत त्याच्या छातीवर बोट ठेवून होते. धडधड लागली की मी श्वास घ्यायची, नाही लागली की ओरडायची, "पळवा ओ!"

जनावरांच्या डॉक्टरांनी साखरेचं पाणी त्याच्या हिरड्यांना चोळलं. पुन्हा चोळलं. बऱ्याच वेळानं पिल्लानं जीभ काढून त्यांचं बोट चाटलं. तेव्हा कुठं मी स्टुलावर बसले.

"काय घालता ह्याला?"

"ताक-भाकरी. सांजच्याला."

"एकदाच?"

"मेंढराच्या कुत्र्याला एकदाच घालत्यात."

डॉक्टरांनी आधी पिल्लाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मावशी, ह्याचं पोट लिंबाएवढं हाय. दिवसभराचं त्यात एकदम मावत न्हाई. तान्ह्या लेकराला एकदाच पाजून झोपवता का तुमी?"

मालक भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

घरी येऊन कागद काढला, उरलेली पिशवी कोंबड्यांपासून लपवली. दाणे कोमट पाण्यात भिजवायचे, बोटानं कुस्करायचे, थोडं थोडं चार वेळा द्यायचं. जन्मात कधी घड्याळ न बघितलेल्या ह्या बाईनं मोबाइलला गजर लावले. "मला दोन टाइम चहा अन् त्याला चार टाइम ताट!" मालक म्हणायचे.

चार महिन्यांचं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता तीनदाच. पण माझा हात कसा आखडणार? चौथं ताट मी चोरून चालूच ठेवलं. पंधरा दिवसांत पिल्लाचं पोट घागरीसारखं झालं. "आता उलटं केलं मावशी," डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग मात्र ऐकलं. पुढं सहा महिन्यांचं झालं तसं दोन वेळांवर आणलं.

उन्हाळ्यात नात आली. पिल्लू तिच्या अंगावर उड्या मारत होतं. "किती छान वाढवलंस गं आजी!" गप्प राहिले असते तर कौतुक फुकटात मिळत होतं. मालक बशीतला चहा फुंकत माझ्याकडे बघत होते. मग मी सांगून टाकलं. टोपलं, कोंबड्या, डॉक्टर, सगळं.

ती उठली. पिल्लाला उचलून अंगणात जाऊन बसली. सासूला कधी भ्याले नव्हते एवढी मी त्या सोळा वर्षांच्या पोरीला भ्याले.

दिवेलागणीला ती आत आली. "संध्याकाळचं कोण घालतं?"

"मीच."

"घाल मग."

गुडघ्यावर हनुवटी टेकून ती समोर बसली. मी दाणे वाटीत काढले.

"जास्त आहेत."

मी चिमूटभर काढले.

"अजून."

अजून काढले. तिनं वाटी पिल्लापुढं सरकवली. ते खाईपर्यंत तिनं त्याच्यावरची नजर हलवली नाही. मग उठली, केस बांधले.

"उद्या सकाळचंही तूच घाल," ती म्हणाली. "मी उशिरा उठणार आहे."