टेंभरे काकाजींचे दहा गज

दर सोमवारी सकाळी साडेसहाला शेजारचे टेंभरे काकाजी आमच्या फाटकाची कडी तीनदा आपटत. मी दार उघडलं की नमस्कार नाही, कशी आहेस नाही. व्हरांड्यातली प्लास्टिकची खुर्ची स्वतःच ओढून बसत आणि म्हणत, "वाच, कान्व्हेंट." माझं नाव त्यांनी सहा वर्षांत एकदाही घेतलं नाही. पायजम्यावर लाल जर्सी, पाठीवर कुण्या अमेरिकन खेळाडूचं आडनाव. ती घालून ते लग्नांनाही जात.

मला ते आवडत नसत. हे आधीच सांगितलेलं बरं.

वाचायचं असे ते अमेरिकन फुटबॉल. आमच्या सगळ्या कुडवा गावात या खेळाचे ते एकटेच भक्त. टीव्हीवर आठवड्यातून एखादा सामना लागे, तोही मोठ्या संघांचा. काकाजींचा संघ इतका रद्दी होता की त्याला कोणी दाखवत नसे. बुधवारी संध्याकाळी अर्ध्या तासाची झलक असे, त्यात त्याच्या वाट्याला मिनिटभर. बाकीचा खेळ माझ्या फोनवरच्या इंग्रजी मजकुरात. काकाजींकडे बटणांचा फोन होता. "काचेच्या फोनात खाली पाहू पाहू मानूस बैल होते," असं म्हणत ते माझ्या काचेच्या फोनासाठी येत.

तीस वर्षं ते राईस मिलमध्ये फोरमन होते. मुलगा अमेरिकेत. त्याच्याकडे एकदा महिनाभर राहून आले, तेव्हा त्याने एक सामना दाखवला आणि जर्सी घेऊन दिली. तेवढ्या भांडवलावर काकाजी साऱ्या जगाला मूर्ख ठरवत. माझे बाबा क्रिकेट पाहत बसले की दारातूनच म्हणत, "पाच दिवस खेळाचा, अन् मंधात जेवाचा. हा खेळ हाय का तेरवी?" मला नियम समजावत ते धानाच्या बांधीवरून, म्हणजे शेताच्या तुकड्यावरून. "चार खेपा, दहा गज. तेवढा नाही सरकला त बांधी दुसऱ्याची. समजला का? तुमाले इंग्रजी येते, अक्कल येत नाही."

मला ते पहिल्याच महिन्यात समजलं होतं. पुढे त्यांना न समजलेलंही समजू लागलं. पंचाने कुणाची चूक धरून पिवळा रुमाल टाकला असं मी वाचलं की ते पंचाला शिव्या घालत, रुमाल आपल्याच फायद्याचा असला तरी. मी कधी दुरुस्त केलं नाही. त्यांना मनातल्या मनात हसणं मला पुरेसं होतं.

ही सगळी खटपट आठ वाजेपर्यंत संपवावी लागे, कारण आठला मुलाचा फोन येई. काकाजी स्पीकर लावून अंगणात बोलत, भिंतीपलीकडे आम्हाला सगळं ऐकू येई. बीपी कसं आहे, पाऊस आला का, एवढ्यात दोघांचं बोलणं आटपे. मग काकाजी सामन्याचा विषय काढत आणि फोन आणखी दहा मिनिटं चाले.

एका डिसेंबरात माझी परीक्षा होती आणि फोनला नेटवर्क नव्हतं. काकाजी हलेनात. मी काळ्या स्क्रीनकडे पाहत सांगितलं, "जिंकले. चोवीस-सतरा. शेवटच्या खेपेला." ते उठले आणि खुर्ची उचलून भिंतीशी नीट लावून ठेवली. असं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं.

आठ वाजता भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. "चोवीस-सतरा, बेटा. शेवटच्या खेपेले."

"हो पप्पा, पाहिली ना मी," मुलगा म्हणाला. "जबरदस्त मॅच झाली."

कॉलेजच्या वाटेवर नेटवर्क आलं. काकाजींचा संघ एकतीस-तीन असा हरला होता. माझ्या मनात काकाजींसाठी जी तुच्छता साठवलेली होती, ती त्या दिवशी बरीचशी समुद्रापार गेली. थोडी माझ्याकडेही राहिली.

बुधवारच्या झलकेची आठवण मला बुधवारी संध्याकाळीच झाली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. त्यांचा टीव्ही सुरू झाला आणि मधेच बंद झाला. आता फाटक वाजणार, असं मला वाटत राहिलं. वाजलं नाही. सोमवारी ते आले, बसले, म्हणाले, "वाच." मग म्हणाले, "हळू वाच."

जूनमध्ये मला नागपूरला नोकरी लागली. बॅग ऑटोत ठेवत होते तेव्हा काकाजी फाटकाशी आले.

"नागपूर म्हंजे काही अमेरिका नोहे," ते म्हणाले. मग बॅगेकडे पाहून, "त्या दिवशी एकतीस-तीन होता."

"हो, काकाजी."

"तुले खोटाही धड बोलता येत नाही. आमची टीम कधी चोवीस करते का?"

मी बॅग ऑटोत आणखी आत सरकवली.

"पन तो त म्हने, पाहिली," ते म्हणाले. त्यांनी फाटकाची कडी उगाच वर-खाली केली. "त्याले म्हनलो नाही काही. हे बी बंद झाला त कायचा बोलू त्याच्यासंग?"

आता हंगाम सुरू झाला की सोमवारी साडेसहाला माझा फोन वाजतो. तिकडून एकच शब्द, "वाच." मी खरं वाचते, हळू वाचते, एकही खेप गाळत नाही. संपलं की ते म्हणतात, "हरले गधे," आणि फोन ठेवून आठची वाट पाहतात. आठला भिंतीपलीकडून काय ऐकू आलं ते बाबा मला कळवतात.

मुलाच्या माहितीप्रमाणे त्यांचा संघ या हंगामात एकदाही हरलेला नाही.