सोनवणे मामा आणि उपाशी चित्तीण

नवीन मशीन कुठंही बसवलं, की सोनवणे मामा पहिला अर्धा तास त्याला हात लावत नसत. सगळ्यांना पिवळ्या पट्टीच्या मागं उभं करायचे, मशीन रिकामंच चालू करायचे आणि हात पाठीमागं बांधून नुसतं बघत राहायचे. आम्हा नव्या पोरांना वाटायचं, म्हातारा टाइमपास करतोय. एकदा मी घाईनं पाना घेऊन पुढं सरसावलो, तेव्हा आवाज न चढवता म्हणाले, "आधी त्याचं त्याला चालू दे. मग तुझं शहाणपण दाव."

आमची कंपनी कारेगावला. चहा-मसाल्याची पाकिटं भरणारी मशिनं आम्ही बनवतो. मामा न्हावऱ्याचे, मी भांडगावचा. मामा अंगानं किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर, आणि रविवारी न्हावऱ्याच्या बुद्धविहारात पोरांना गणित शिकवायचं व्रत. तिथंही म्हणे गणित फळ्यावर लिहिलं की पाच मिनिटं कुणाला पेन उचलू द्यायचे नाहीत. नुसतं बघा म्हणायचे.

केनियातल्या एका चहाच्या कारखान्यात आमची दोन मशिनं गेली, ती बसवायला कंपनीनं आम्हा दोघांना पाठवलं. काम वेळेआधी उरकलं, म्हणून तिथल्या मालकानं खूश होऊन आम्हाला दोन दिवसांच्या सफारीला धाडलं. जोसेफ नावाचा ड्रायव्हर, उघड्या टपाची जीप आणि नजर पोचेल तिथवर गवत. मी नवा कॅमेरा घेतला होता. मामांनी फक्त डोळे आणले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोसेफनं एका वारुळाकडं बोट दाखवलं. वर चित्त्याची मादी बसली होती. डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या काळ्या रेघा, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. खाली गवतात तीन पिलं. जोसेफनं सांगितलं, की आदल्या दिवशी हिनं मारलेलं हरीण तरसांनी पळवलं. एकदा जीव तोडून पळाली की ही इतकी धापा टाकते, की स्वतःची शिकारही राखता येत नाही. त्यामुळं प्रत्येक धाव हिशेबानंच घ्यावी लागते. आज काही मिळालं नाही, तर पिलांचं कठीण आहे.

पुढं लहान चणीच्या हरणांचा कळप चरत होता. ती वारुळावरून उतरली. हरणांची मान खाली असली की चार पावलं, मान वर आली की जागच्या जागी दगड. तासभर हे चाललं. मामा सीटच्या कडेला बसून एकेक पाऊल बघत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पोटात आग पडलीय, तरी घाई करती का बघ. अंतर कमी झाल्याबिगर ती उठायची न्हाई."

मला मात्र तिची पाठच दिसत होती. चार-पाच जिपा आणखी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि माझ्या पोटात भलतीच आग. मी जोसेफच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणालो, थोडी पुढं घे, समोरून फोटो येईल. मामांनी वळून "वेट, वेट" म्हटलं, पण तोवर त्यानं गिअर टाकला होता. आम्ही हललो म्हणताच बाकीच्या जिपाही हलल्या. हरणांनी माना वर केल्या. अंतर अजून फार होतं, पण आता थांबण्यात अर्थ नाही हे तिला कळलं असावं. ती सुटली. चारही पाय जमिनीपासून वर, शेपूट ताणलेली, आणि मी बटण दाबलं. हरणं निघून गेली. ती पार लांब जाऊन कोसळल्यासारखी पडली. पिलं धावत गेली, तिचं तोंड हुंगलं आणि तिथंच बसून राहिली. जिपांमधून टाळ्या वाजल्या. कसल्या टाळ्या होत्या त्या, हे मला आजही कुणी सांगावं.

रात्री जेवायला बसल्यावर मामा ताट सरकवून म्हणाले, "दीपक, तू तिच्या तोंडातला घास काढलास. फोटो झकास आला आसंल. मला दावू नको."

फोटो खरंच झकास आला होता. परत आल्यावर साहेबांनी तो भिंतीएवढा करून लॉबीत लावला आणि खाली लिहिलं, 'लक्ष्यावर नजर, वेगावर विश्वास'. नव्या पोरांना ट्रेनिंग द्यायला एक टायवाले गृहस्थ यायचे. ते फोटोपुढं उभे राहून विचारायचे, ही कधी ओव्हरटाइमची तक्रार करते का? पोरं माना डोलवायची. चुकलेल्या धावेला यश म्हणायचं, तेही बारा तास उभ्यानं राबणाऱ्या पोरांपुढं, याला जो निर्लज्जपणा लागतो तो आमच्या ऑफिसात भरपूर होता. मामा साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, की खालचं वाक्य काढा, गाडी आडवी घातल्यामुळं शिकार हुकली असं लिहा. साहेब हसले. क्लायंटला काय फरक पडतो मामा, म्हणाले. मामा केबिनबाहेर आले तेव्हा मी दारातच उभा होतो. गाडी कुणी पुढं घ्यायला लावली हे मामांनी आत सांगितलं नव्हतं. बाहेर मीही सांगितलं नाही. माझं प्रमोशन त्याच महिन्यात व्हायचं होतं.

मामा रिटायर झाले तेव्हा कॅन्टीनमध्ये निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ आणि फ्रेम करून तोच फोटो. मामांनी शाल घेतली, नारळ घेतला, फ्रेम टेबलावर उभी केली आणि माइक हातात घेतला.

"ही त्या दिवशी उपाशी राह्यली. आमची गाडी आडवी गेली म्हणून. पिलं जगली का मेली, म्हाईत न्हाई. गाडीत मी बी व्हतो, तवा दोष माझा बी हाय. हे मी घरी न्हेणार न्हाई."

लोकांना तो मामांचा विनय वाटला. हशा पिकला, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. फ्रेम तिथंच राहिली आणि मामा मोटारसायकलला नारळाची पिशवी अडकवून न्हावऱ्याला गेले.

यंदा मामा गेले. झोपेतच गेले, म्हणे. विहारात वंदना झाली आणि मी घरी पोचतो न पोचतो, तोच कंपनीच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला. तोच फोटो, आणि खाली, 'सोनवणे मामा चित्त्यासारखे जगले'. ज्या चित्रापायी त्या माणसानं इतकी वर्षं जीव जाळला, तेच त्याच्या मरणावर चिकटवलं होतं. मी त्याच फोटोखाली लिहिलं, की हा फोटो मी काढला, गाडी पुढं घ्यायला मीच सांगितलं, मामा नको म्हणत होते, आणि ही मादी त्या दिवशी उपाशी राहिली.

तिघांनी अंगठा दिला. साहेबांनी हात जोडले. कुणी वाचलं होतं की नाही, कोण जाणे. साहेबांवरचा राग मी अजून सगळ्यांना ऐकवतो. पण ही चार वाक्यं लिहायला मी मामा मरायची वाट बघितली, त्याचा स्वतःवरचा राग ऐकवायला माझ्याकडं कुणी उरलेलं नाही.