गोलकीपरीण

भर ग्राउंडवर कॉलनीवाल्यांच्या कॅप्टननं माह्या भावापुढं बांगड्यांचं ताट धरलं. हिरव्या, काचेच्या.

"घाला रे याले. हे टीम नाही, बायाच आहेत साऱ्या."

सारं ग्राउंड हसलं.

वणीत खाणीच्या साहेबांच्या कॉलनीचा एक क्लब, आमच्या मोहल्ल्याचा एक. दरवर्षी फुटबॉलची मॅच. जो जिंकला त्याचाच आवाज वर्षभर चहाटपरीवर चालते. त्यांच्याजवळ कोच, हिरवळ, लाइटा. आमचे पोरं कोळशाच्या ट्रकाखालून निघून, हात पुसून खेळाले येतात. त्या दिवशी आम्ही हरलो.

मी बाहेर बसली होती. पाण्याच्या बाटल्या घेऊन. रोज प्रॅक्टिसले गोलात मीच राहो. मॅच मात्र पोरांची. भाईनंच शिकवलं मले. गॅरेजच्या मागं जुन्या टायरांवर गादी टाकून उड्या माराले लावे. म्हणे, "बॉलले भ्यायचं नाही. बॉल काही अब्बूच्या आवाजाएवढा मोठा नसते."

कॅप्टननं मले पाह्यलं. "ए गोलकीपरीण, तूच घाल त्याले. तुले सवय आहे."

भाईनं हात पुढं केला. मान खाली. हळूच म्हणे, "घाल बेटा. भांडण नको."



मी बांगड्या उचलल्या. माह्याच हातात चढवल्या. एक फुटली, रगत आलं. तशीच गोलात जाऊन उभी राह्यली. म्हटलं, "मार पेनल्टी."

"पोरीसंग आम्ही नाही खेळत." बॉल पायानं ढकलला आन चालला गेला.

मले वाटलं, आता आपले पोरं माह्या बाजूनं उभे राहाले येतील. कोणीच नाही आलं.

वापस जाताना रस्त्यात आमच्याच क्लबच्या चाचानं भाईले सुनावलं, "पोरीले प्रॅक्टिसले घेतलं, म्हणून बांगड्या आल्या. उद्यापासून ग्राउंडवर दिसली नाही पाह्यजे."

मी भाईकडं पाह्यलं. एक शब्द तं बोलन. तो चपलेनं गिट्टी उकरत राह्यला. मग म्हणे, "बरोबर आहे, चाचा."

कॉलनीवाल्याच्या बोलण्यानं मी पेटलती. भाईच्या बोलण्यानं विझली. घरी मोरीत बसून रडली, नळ सुरू ठेवून.

रडता रडताच समजलं. त्या कॅप्टनसाठी बाई म्हणजे शिवी. आमच्या चाचासाठीबी शिवीच. मॅच कोणीबी जिंको, या एका गोष्टीत दोन्ही क्लब एकाच टीमचे.

सकाळी मी ग्राउंडवर गेली. कोणी माह्याकडं बॉल मारला नाही. दुसऱ्या दिवशी पोरांनी दगडं ठेवून गोलच दुसरीकडं नेला. भाई माह्याशी बोलत नाही. एका ताटात जेवणारे आम्ही, आता तो आधीच जेवून निघून जाते.

मी जातच राह्यली. आजबी जाते.

पुढच्या मॅचले गोलात मी राहीन. क्लबनं घेतलं तं क्लबकडून. नाही घेतलं तं मॅच सुरू व्हायच्या आधी जाऊन उभी राहीन. मले उचलून बाहेर काढा लागन. काढा, साऱ्या वणीसमोर काढा. बाई आहे म्हणून काढून राह्यलो, हे मोठ्यानं बोलून काढा.

उचलाले भाई आला, तरी मी हटणार नाही.