पोरीच्या डोक्यावर हात

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. छडी घेऊन फिरणारे मास्तर बहुतेक भित्रेच असतात, मी त्यातला अव्वल. तरी त्या दिवशीची भीती वेगळी होती. आजही लेकीचा फोन अवेळी आला की ती परत येते.

कापसाला भाव नव्हता, ती वर्षं. उद्या वाढेल, परवा वाढेल म्हणत लोकांनी घरोघरी कापूस भरून ठेवलेला. आमच्याही पुढच्या खोलीत सासऱ्यांच्या वावरातला ढीग थेट छपराच्या टिनांना टेकला होता. अंग खाजायचं, पण पोर त्यावर खुशाल लोळायची. नऊ वर्षांची होती.

त्यातच मतदार यादीचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमची वस्ती गावाबाहेर प्लॉट पाडून नवीच वसलेली. हिंदू, बौद्ध, मुसलमान, सगळ्यांची घरं विटा-टिनांची, सारखीच, अन् पाटी एकाच्याही दारावर नाही. कोणत्या नंबरच्या घरात कोण राहतं, हे फक्त माझ्या यादीत. महिनाभर फिरून, दारोदार गेरूनं नंबर टाकून, मी ती सुवाच्य अक्षरात लिहिली होती. त्या अक्षराचा मला भारी अभिमान. आग लागो त्या अभिमानाला!

त्या दुपारी बाजारात मिरवणुकीवरून दगडफेक झाली. थोड्या वेळानं दुकानं पेटल्याचा धूर दिसला. बायकोनं दार लावलं आणि मला पहिल्यांदा यादी आठवली. टेबलावरून उचलली आणि खांद्यापर्यंत हात घालून कापसाच्या ढिगात खुपसली. पोर बघत होती.

तासाभरात दारावर थाप पडली. तीस-चाळीस जण, काठ्या घेतलेले, दोघांकडे रॉकेलच्या कॅन. सगळे बाजाराकडचे, आपलेच. निम्म्यांना तर मीच पाढे शिकवलेले. पुढे माझा एक जुना विद्यार्थी होता. खोटं बोलला म्हणून मी त्याला वर्गात एकदा बेदम झोडपला होता. त्यानं आधी वाकून नमस्कार केला, मग यादी मागितली. नुसती पाहून परत देतो म्हणाला. त्यांना मुसलमानांची दारं शोधायची होती, हे कोणी सांगायची गरज नव्हती. यादी कालच बाभुळगावला तहसीलमध्ये जमा केली, असं मी सांगितलं.

तो आत आला. मागच्या एकानं कापसाजवळ उभं राहून बिडी पेटवली. काडी विझली का नाही, तेवढंच मला दिसत होतं. मनात आलं, देऊन टाकावी. माझं काय जातं? हो, आलं मनात. लपवून काय करू?

तेवढ्यात तो म्हणाला, "सर, तुम्ही खोटं बोलत नाही, मले माहीत हाय. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा. आम्ही चाललो."

आमच्याकडे ही आण शेवटची, यापुढे कोर्ट नाही. खोटी घेतली तर लेकरू दगावतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. हे सगळं थोतांड आहे म्हणून मी वर्गात घसा कोरडा करायचो. आता मात्र मी पोरीकडेच बघत राहिलो. बायको स्वयंपाकघराच्या दारातून नको म्हणून मान हलवत होती. पण यादीतल्या त्या घरांतही लेकरं होती. काही तर माझ्याच वर्गात बसायची.

मी पोरीला पुढे बोलावलं. हात उचलला आणि, सांगायची लाज वाटते, केसांपासून चार बोटं वरच थांबवला. टेकला नाही तर आण लागणार नाही, असा माझा मास्तरी हिशेब. त्यानं ते बरोबर हेरलं. टेकवा ना सर, म्हणाला.

हात खाली जाईना. मग कसे कोण जाणे, तळव्याला केस लागले. यादी घरात नाही, असं मी म्हणालो आणि ते गेले. वस्तीत जरा वेळ घुटमळले, टिनांवर दगड मारले, तोवर पोलिसांची गाडी आली. आमच्या वस्तीतलं एकही घर जळलं नाही.

बायको दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही. पोरीला साधी सर्दी झाली तरी मी डॉक्टरच्या दारात. तिच्या बाळंतपणात दवाखान्याबाहेर बसून मी रात्रभर माफी मागत होतो. कोणाची, ते माहीत नाही, कारण देव मी मानत नाही.

गेल्या दिवाळीत शेवटी तिला सांगून टाकलं, की बाई, तुझ्या जिवावर मी खोटं बोललो, तो हात मी ठेवायला नको होता. ती चिवडा खात बसली होती. खाता खाता थांबली.

"तुम्ही कुठं ठेवला, बाबा? तुमचा हात तर वरच राह्यला होता. मीच टाचा उचलल्या."