चोवीस शब्दांची झेरॉक्स

३ मार्च. गोदामात कामावर एकोणीस माणसे. आगीतून वाचली बारा.

उरलेली सात मागच्या दाराशी सापडली. माल चोरीला जातो म्हणून मालकाने त्या दाराला बाहेरून कुलूप घातले होते. हजेरीपट आगीतच जळाला, आणि पंधरवड्याच्या आत मालकाच्या वकिलाने कळवले की सातांपैकी चार जण त्याच्या अशिलाचे कामगार नव्हतेच. ते तिथे कशासाठी आले होते, हे अशिलास ठाऊक नाही. आपण कुठे नोकरीला होतो हे मेलेल्या माणसाला सांगता येत नाही, त्या चौघांच्या घरी तसे सांगणारा कागद नव्हता, आणि वाचलेल्यांच्या तोंडी शब्दाला वकील पुरावा मानत नव्हता.

चौघांतला एक झेरॉक्सकाकूंचा धाकटा दीर.

काकूंचे दुकान गोदामापासून चार गाळे सोडून होते. दुकान कसले, दोन भिंतींमधली फट. त्यात भाड्याने घेतलेले झेरॉक्सचे यंत्र, कागदांची थप्पी, आणि टेबलाला दोरीने बांधलेला स्टेपलर. कारण गिऱ्हाईक कितीही भले असले तरी स्टेपलर त्याच्या खिशात जातोच, हा बावीस वर्षांचा अनुभव. काकूंचे यजमान आधीच गेलेले. आता घरात दोघी जावा, दोघींच्या कपाळी सारखेच. धाकटी सकाळी स्वयंपाक आटोपून दुकानात येई आणि पाने जुळवून टाचत बसे. तिची जीभ तिखट होती. नवरा गेल्यावरही ती बोथट झाली नाही, आणि काकूंना त्याचा आधारच वाटे.

वाचलेल्या बारांपैकी बरेच जण पुढे परदेशी कामाला गेले. गोदामाचा मुकादम त्यांतलाच. आगीच्या दिवशी तो माल उतरवायला बाहेर होता, आणि हे तो स्वतःला विसरू देत नव्हता. त्याने तिकडे सगळ्यांकडून वर्गणी सुरू केली. बँकेतून पाठवायची तर घेणारी संस्था नोंदलेली हवी, आणि सात दुःखी घरे म्हणजे संस्था नव्हे. म्हणून पैसे बिटकॉइनच्या रूपाने यायचे ठरले. सांभाळायचे कोणी, यावर सातही घरांनी एकमुखाने काकूंचे नाव घेतले. बावीस वर्षे लोकांचे लग्नाचे दाखले, मृत्युपत्रे, आजारपणाचे कागद ज्यांच्या हाताखालून गेले आणि ज्यांच्या तोंडून कधी बाहेर आले नाहीत, त्या काकू.

सुट्टीवर आला तेव्हा मुकादम थेट कंपनीकडून मागवलेली दोन हार्डवेअर वॉलेट घेऊन आला. अंगठ्याएवढी डबी, तिला इवलासा पडदा. एक वापरायचे, दुसरे मोडतोडीसाठी राखून ठेवायचे. सील आधी उघडलेले नाही ना, हे त्याने काकूंनाच तपासायला लावले.

“पैसे या डबीत नसतात, वहिनी,” तो म्हणाला. “ते बाहेर, सगळ्यांना दिसणाऱ्या खातेवहीत. डबीत फक्त किल्ली.”

“म्हणजे तिजोरी चव्हाट्यावर आणि किल्ली आमच्या जाऊबाईंच्या कनवटीला,” धाकटी म्हणाली. “बरंय.”

मग पिन ठरला, तो काकूंनी एकट्यांनी. पडद्यावर एकामागून एक चोवीस शब्द उमटले; ते काकूंनी आपल्या वळणदार अक्षरात कागदावर उतरवले. मुकादम त्या वेळी पाठ करून उभा राहिला. डबी हरवली, जळाली, तरी या शब्दांवरून किल्ली पुन्हा घडवता येते. आणि हे शब्द ज्याच्या हाती लागतील, पैसे त्याचे. फोनने फोटो काढायचा नाही, संगणकात टाकायचे नाहीत, कोणालाही, खुद्द मुकादमालाही, सांगायचे नाहीत. दुसरी प्रत हवी तर हातानेच लिहायची. थोडे पैसे आल्यावर त्याने डबी मुद्दाम पुसून टाकायला लावली. काकूंनी शब्द भरून ती परत जिवंत केली, तेव्हा कुठे त्याचे समाधान झाले.

तो गेला, आणि काकूंनी त्या कागदाची झेरॉक्स काढली.

याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. मूळ कागद एकटा ठेवू नये, हा त्यांच्या धंद्याचा पहिला धडा होता. आणि हाती प्रत नसताना हजेरीपट जळाल्याने काय होते, हे त्यांच्या घराने भोगले होते. हाताने लिहिताना एखादे अक्षर चुकेल. यंत्र चुकत नाही. फोटो नको म्हणाला, संगणक नको म्हणाला. झेरॉक्सला त्या यांपैकी काहीच मानत नव्हत्या. दिवा फिरतो, कागदावर सावली पडते, संपले. मूळ कागद कपाटात गेला, प्रत धाकटीच्या ट्रंकेत.

वर्षभर सारे सुरळीत चालले. दरमहा सातही घरांना सारखा वाटा पोचत होता, बाकीची रक्कम मुलांच्या शिक्षणासाठी साठत होती.

मग भाड्याचे यंत्र बदलायला कंपनीचा मेकॅनिक आला. तो वायर काढणार, एवढ्यात शेजारचा शिंपी आला. मागच्या महिन्यात इथेच झेरॉक्स काढलेला त्याचा भाडेकरार हरवला होता. मेकॅनिकने चार बटणे दाबली आणि करार यंत्रातून अलगद बाहेर आला.

“या मशीनच्या पोटात डिस्क असते, काकू. दोन वर्षांचं सगळं आहे. ही तुमच्यापेक्षा जास्त लक्षात ठेवते.”

काकूंनी विचारले, नेल्यावर त्या डिस्कचे काय होते. आठवण राहिली तर पुसतो, तो म्हणाला, नाहीतर तशीच पुढच्या दुकानात जाते.

“आत्ता पूस. माझ्यासमोर.”

त्याने बोट बटणावर नेले. धाकटी पाने टाचत होती; तिचा हात थांबला.

“मुकादम दर महिन्याला हजेरीपट इथंच आणायचा ना झेरॉक्सला? प्रती मालकाकडे जायच्या.”

काही वेळाने यंत्रातून आगीआधीच्या फेब्रुवारीचा हजेरीपट आला. एकोणीस नावे. अकराव्या ओळीत तिच्या नवऱ्याची सही होती, शेवटचे अक्षर नेहमीसारखे चौकटीबाहेर गेलेले. धाकटीने कागद टाचला नाही. नुसता धरून राहिली.

सात घरांच्या वकीलबाईंना फोन झाला. त्यांनी स्पष्ट सांगितले की छापलेल्या पानाला मालक बनावट म्हणेल. तारखांसह डिस्कच हवी, सीलबंद, जशी आहे तशी. एक पान जरी पुसलेले दिसले तरी बाकीच्यांवर संशय येईल. म्हणजे डिस्क न्यायालयात उघडणार, आणि हजेरीपटासोबत काकूंच्या अक्षरातले चोवीस शब्दही दहा अनोळखी माणसे वाचणार.

मेकॅनिकला दुसऱ्या दिवशी यायला सांगून काकूंनी शटर अर्धे ओढले. राखीव डबीचे सील फोडले, नवा पिन, नवे चोवीस शब्द. या वेळी दोन्ही प्रती हाताने, आणि ताळा दोनदा. मग जुन्या डबीतून नव्या डबीच्या पत्त्यावर, म्हणजे खातेक्रमांकासारख्या लांबलचक अक्षरांवर, आधी थोडेच पैसे पाठवले. डबीच्या पडद्यावरचा पत्ता धाकटी एकेक अक्षर वाचत होती, काकू ताडून पाहत होत्या. ते पोचल्यावर उरलेले सगळे. जुने शब्द आता कोणाच्याही हाती लागले तरी त्यांनी उघडणारी तिजोरी रिकामी होती.

मुकादमाला कळवले, तेव्हा त्याने आधी पैसे सगळे पोचले ना, ते विचारले. मग म्हणाला, निभावलं ना, मग कोणाला सांगू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“दाराला कुलूप आहे हे मालकालाच ठाऊक होतं,” काकू म्हणाल्या. “आतल्यांना नाही.”

सात घरांची माणसे दुकानात मावेनात, म्हणून निम्मी पायरीवर बसली. काकूंनी घडले ते क्रमाने सांगितले. बोलला तो एक निवृत्त ट्रकचालक. त्याचा थोरला मुलगा सातांत होता.

“गेले किती?”

“काही नाही.”

“मग आम्हाला बोलावलं कशाला?”

“जाऊ शकले असते म्हणून. वर्षभर.”

म्हाताऱ्याने मान हलवली, पण क्षमा केल्याचे बोलला नाही. डबी काकूंकडे राहू दे, शब्दांचे कागद आपल्या घरी राहतील, एवढेच म्हणाला. ते सगळ्यांनी मान्य केले, काकूंनीही. त्यांच्यावरचा विश्वास निम्मा झाला होता, आणि हा हिशेब रास्त आहे असे त्यांचे मत पडले.

“आता दोन घरी दोन किल्ल्या,” घरी जाताना धाकटी म्हणाली. “आपण दोघी पळून जायचं ठरवलं, तरी म्हातारा आधीच पळाला नाही ना, ते बघावं लागेल.”

न्यायालयात डिस्क उघडली गेली. चोवीस शब्दांचे पान आले तेव्हा मालकाच्या वकिलाने ते उंच धरून, ही कसली सांकेतिक भाषा, असे विचारले.

“जुनी किल्ली आहे,” काकूंनी सांगितले. “कुलूप बदललंय.”

मृत सातही जण गोदामाचे कामगार होते, असे न्यायालयाने मान्य केले आणि प्रत्येकाची भरपाई ठरवून दिली. मालकाने ती भरण्याची मुदत दोनदा वाढवून घेतली. दुसरी मुदतही संपली आहे. सातांपैकी एकाचीही भरपाई अद्याप मिळालेली नाही.