ड्रायव्हर टाकायचा राहिला आणि मी "निघतील" म्हणालो

मंडळी, मी कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळतो, एक कबुली द्यायचीय.

आज गुरुवार, चाकणला कंपनीला साप्ताहिक सुट्टी. म्हणून मालाची लेबलं छापणारं लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर, नव्या सर्व्हरवर हलवलं. जुन्या सर्व्हरशी जुळवून देणारी गेस्ट टूल्स आता कशाला, म्हणून आधीच काढून टाकली. नव्या सर्व्हरवरची डिस्क ओळखायला लागणारा ड्रायव्हर मात्र टाकायचाच राहिला.

मशीन सुरू केलं तर त्याला डिस्कच सापडेना. काळी स्क्रीन.

तेवढ्यात माल रवाना करणाऱ्या डिस्पॅचच्या कदमभाऊंचा फोन. "राव, उद्या पहिल्या शिफ्टला लेबलं निघतील ना?"

"निघतील भाऊ," मी म्हणालो.

तासाभराने सेटिंगमध्ये डिस्कचा प्रकार जुन्या सर्व्हरसारखाच ठेवला तेव्हा मशीन उठलं, मग ड्रायव्हर टाकला. पण काळ्या स्क्रीनसमोर बसून मी न अडखळता "निघतील" म्हणालो, त्याचीच जास्त भीती वाटतेय. तुम्हीही असं बोलता का?