फोटोपुरता बेल्ट

ती केस आठवली की अजून माझं जेवणावरचं मन उडतं. आणि माझं मन जेवणावरून उडणं ही साधी गोष्ट नाही, माझं पोट ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे.

मी पोलिसात शिपाई म्हणून लागलो. शिक्षण सातवी, तीही दोन दमात. वय वाढत गेलं तशा बढत्या मिळाल्या आणि शेवटी शेवटी फौजदार झालो. माझ्या हातचा पंचनामा वाचू शकेल असा ठाण्यात एकच माणूस, आमचा रायटर हवालदार. तोसुद्धा वाचायच्या आधी चहा मागायचा.

तेव्हा मी मुलुंडला होतो. सकाळी कंट्रोलवरून कॉल आला की एका सरकारी वसाहतीच्या मागे गटाराच्या चेंबरमध्ये माणूस पडलाय. आम्ही पोचलो तोवर फायर ब्रिगेडने त्याला वर काढलं होतं. आतल्या गॅसने गेला होता. अंगावर हाफ पँट आणि बनियन. कमरेला बेल्ट नाही, तोंडाला मास्क नाही. आत काय आहे बघावं म्हणून मी वाकलो, तर मलाच गरगरलं. फायरवाल्याने कॉलर धरून मागे ओढलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही पडलात तर क्रेन मागवावी लागेल."

तिथे कंत्राटदाराचा सुपरवायझर उभा होता. त्याचं म्हणणं, हा आमचा माणूसच नाही. भंगार वेचणारा असेल, झाकण उघडं होतं, वाकला नि गेला. मला ते पटलं, कारण थोड्या वेळापूर्वी मीसुद्धा तसाच जाणार होतो. अकस्मात मृत्यूची नोंद केली, बॉडी शवविच्छेदनाला पाठवली आणि मिसळ खायला गेलो.

दुपारी मेलेल्या माणसाची बायको ठाण्यात आली. जालन्याकडची, घाटकोपरच्या टेकडीवर भाड्याने राहणारी. रडून झालं होतं तिचं. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभी राहून एकच सांगत होती, "साहेब, ते भंगारवाले नव्हते. कामाला आले होते. रोज याच कामावर येत होते."

ती असं का बोलते ते रायटरने मला बाजूला घेऊन समजावलं. गटारात माणूस उतरवायचाच नाही असा कायदा आहे. तरी असलं धोक्याचं सरकारी काम घेताना कंत्राटदार लिहून देतो की माणसाला बेल्ट, मास्क, गॅस तपासायचं यंत्र देईन आणि प्रत्येकाचा विमा काढीन. त्याशिवाय काम मिळतच नाही. म्हणजे हा माणूस कंत्राटदाराचा ठरला तर बाईला विमा आणि भरपाई. भंगारवाला ठरला तर काहीच नाही. मी तोवर समजत होतो, विमा फक्त मोटारसायकलचा असतो.

खबर मिळाली ती वसाहतीच्या गेटवरच्या चहावाल्याकडून. आमचे खबरी असेच, बसल्या जागी सगळं बघणारे. तो म्हणाला, "साहेब, तो मेलेला रोज माझ्याकडे कटिंग प्यायचा. मग त्याला नवरदेवासारखं सजवायचे, हेल्मेट, मास्क, बेल्ट, सगळं. फोटो काढायचे. फोटो झाला की सामान टेम्पोत आणि तो गटारात."

सुपरवायझरला बोलावलं. मारझोड मला जमत नाही. एकदा एका चोराला हात उगारला होता तर माझाच खांदा निखळला. माझी पद्धत म्हणजे समोर बसवायचं आणि घरच्या गप्पा मारायच्या. माणूस कंटाळून खरं बोलतो. याला मी माझ्या मूळव्याधीची सगळी कथा सांगितली. ऑपरेशनपर्यंत आलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, बस करा. फोटो रोज इंजिनियर साहेबांच्या ग्रुपवर टाकतो. फोटो गेला नाही तर बिल पास होत नाही."

त्याच्या मोबाईलमधून त्याने फोटो उडवले होते, पण ग्रुपवर होते. त्या सकाळचाही मिळाला. मेलेला माणूस चेंबरपाशी उभा, डोक्यावर हेल्मेट, छातीवर मास्क, कमरेला बेल्ट. जरासा हसतोय. मी रायटरला म्हटलं, झालं काम, तो त्यांचाच माणूस. बाईला बोलावून फोटो दाखवला. तिने पदर तोंडाला लावला. आणि मी मूर्ख, छाती पुढे काढून उभा. छाती म्हणजे पोटच.

दोन-चार दिवसांत कंत्राटदार स्वतः आला, वकील घेऊन. फार नम्र माणूस. म्हणाला, आमचा सुपरवायझर घाबरून काहीतरी बोलून गेला, माणूस आमचाच. आणि फोटोत तुम्हीच बघा, आम्ही सगळं दिलं होतं. त्याने उतरताना काढून ठेवलं, आम्ही काय करणार? विमावाल्यांनीही तेच धरलं. सुरक्षेचं सामान दिलेलं असताना वापरलं नाही, मरणाऱ्याचा स्वतःचा हलगर्जीपणा, दावा नामंजूर.

ज्या फोटोने तो कामगार ठरला, त्याच फोटोने त्याला दोषीही ठरवलं. त्या दिवशी रायटरने चहासुद्धा मागितला नाही.

मग मी ग्रुपवरचे बाकीचे फोटो बघत बसलो. त्याच कंत्राटदाराचं भांडुपला काम, घाटकोपरला काम, विक्रोळीला काम. माणसं वेगवेगळी, चेंबर वेगवेगळे. पण बेल्ट एकच. त्याचा तुटलेला बक्कल पिवळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेला, मुलुंडला तसाच आणि घाटकोपरलाही तसाच, एकाच सकाळी. बेल्टकडे माझं लक्ष जाणारच. माझा स्वतःचा सरकारी पट्टा कधी पोटाला पुरला नाही, त्यालाही मी अशीच जोड दिली होती.

टेम्पोवाल्याला उचललं. त्याने फार ताणलं नाही. "साहेब, सेट एकच हाय. मुलुंडला फोटो झाला की भांडुप, मग विक्रोळी, मग घाटकोपर. माझं कामच ते. गटार साफ होवो न होवो, सेट टायमावर पोचला पायजे." त्या सकाळी तो माणूस खाली उतरला तेव्हा बेल्ट भांडुपच्या वाटेवर होता. आणि विमा? तो काढला होता. पण काम मिळालं त्या दिवशीच्या माणसांच्या नावाने. ती माणसं कधीच सोडून गेली होती. विमावाल्यांनी दावा आधीच हलगर्जीपणावर फेटाळला, म्हणून यादीतली नावं कोणी तपासलीच नव्हती.

त्याचा जबाब घेतला, कंत्राटदाराला अटक केली, निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम लावून आरोपपत्र पाठवलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली. कंत्राटदार जामिनावर सुटला. त्याचं नाव सरकारच्या काळ्या यादीत गेलं. पुढे मेहुण्याच्या नावाची नवी पाटी लागली. टेम्पो तोच.

कोर्टात तारखा पडत राहिल्या. टेम्पोवाला उलटला, पोलिसांनी दमदाटी करून सही घेतली म्हणाला. मग मी पिंजऱ्यात. वकिलाने विचारलं, "आपलं शिक्षण?" मी म्हटलं, "सातवी, साहेब." "आणि बेल्टची पारख कुठे शिकलात?" सगळे हसले. मीही हसलो, सवयच होती. बाई मागच्या बाकावर बसली होती. ती हसली नाही.

निवृत्तीला महिना राहिला होता तेव्हा तिच्या साक्षीचं समन्स मी स्वतःच घेऊन गेलो. एका मॉलच्या मागच्या दाराशी ती भेटली. आता तिथे साफसफाईला होती, कंत्राटावरच. मी म्हटलं, "ताई, या तारखेला नक्की या. अजून केस उभी आहे."

तिने समन्स घेतलं, सही केली. मग शांतपणे म्हणाली, "साहेब, तुम्ही लई केलं. पण आता नका बोलावू. एक खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापतात. अजून दोन खाडे झाले तर काढून टाकतील."

एवढ्या नोकरीत मी समजत होतो की केस ज्याचं माणूस गेलं त्याची असते. ती केस माझी होती. तिच्या वाट्याला फक्त तारखा होत्या.

निघताना वर पाहिलं. तिच्याच वयाची एक बाई बाहेरून काच पुसत होती, खिडकीच्या कठड्यावर पाय टेकवून, कमरेला काही नाही. मी विचारलं, "ताई, तुम्हालाही तिथे चढवतात?"

"माझी पाळी उद्या."

"विमा काढलाय का तुमचा? विचारलंत कधी?"

"नाही," ती बादली उचलत म्हणाली. "विचारणारीला ठेवत नाहीत."